राजाचा वाढदिवस, आमची पथारी

आधी खडूचं सांगते, कारण माझ्यासाठी सगळं सुरू झालं ते खडूपासून.

२०२४ चा एप्रिल, शेवटचा आठवडा. लेकीला शाळेत सोडून परत येत होते. दुकानांच्या चौकात फरशीवर कुणीतरी खडूने हे मोठाले चौकोन आखून ठेवलेले आणि प्रत्येकात एकच शब्द: बेझेत. दोन पावलांवर पुन्हा बेझेत. पुढे अख्खा फूटपाथच चौकोनांनी भरलेला. कुठे खडू, कुठे रंगीत चिकटपट्टी, एका चौकोनात वेडंवाकडं फूल आणि त्याखाली कुणा मुलीचं नाव. हा शब्द मला येत होता. आगगाडीतल्या संडासात कुणी असलं की इथे 'बेझेत' म्हणतात. पण उघड्या फूटपाथवर? फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्याने ऑफिसात विचारून कळवलं, "जागा धरलीय. शनिवारी सामान विकायला बसणार."

आणि मी भर रस्त्यात, एकटीच, खो खो हसायला लागले. अहो, हा तर रुमाल! सांगली स्टँडवर एसटी पुरती थांबायच्या आधी खिडकीतून आत टाकलेला रुमाल! त्या रुमालाला कायद्यात किती जागा आहे तेवढीच या खडूच्या रेघेला असणार, आणि तरीही रुमालावर कुणी बसत नाही. आठ महिने ज्या लोकांकडे मी काचेपलीकडून बघावं तशी बघत होते, ते लोक फूटपाथवर रुमाल टाकतात!

ही काच कसली ते सांगायला हवं. आम्ही राहतो आमस्टेलव्हेनमध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला खेटून. भारतीय इथे भरपूर, कढीपत्ता मिळतो, तक्रारीला जागा नाही. माझं माहेर सांगली, सासर पुणे. नवऱ्याला हा देश पहिल्या दिवसापासून आपला वाटला, आणि का ते कळायला मला फार दिवस लागले नाहीत. कॉफीबरोबर एक बिस्किट, लगेच डब्याचं झाकण बंद. न कळवता कुणाकडे जायचं नाही. सहा ही जेवणाची वेळ, म्हणजे पाहुण्याने त्याच्या आत निघायचं. मनात येईल ते तोंडावर बोलायचं आणि वर त्याचा अभिमान. सदाशिव पेठ उचलून समुद्रसपाटीच्या खाली नेऊन ठेवलेली, दुसरं काय! तो खूश. मी मात्र जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजी दिसल्या की 'हालो' म्हणायची, त्या 'हालो' म्हणायच्या, आणि आठ महिने आमचं नातं त्या एका शब्दावर चाललं होतं. (हाक मारायची 'मेव्हराव', म्हणजे बाई. मनात मात्र आजीच.)

ऑक्टोबरात एका वाढदिवसाला बोलावणं आलं होतं. खुर्च्या गोल मांडलेल्या. गेल्या गेल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि प्रत्येकाला 'खेफेलिसितेअर्त' म्हणायचं, अभिनंदन! ज्याचा वाढदिवस त्यालाच नाही बरं का, त्याच्या बायकोला, आईला, मेव्हण्याला, शेजाऱ्याला, आणि ते उलट माझंही अभिनंदन करतात. मी काय केलं होतं? काही नाही. पण वाढदिवस इथे एकट्याचा नसतो, सगळ्या गोताचा असतो. घराघरांत संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, रोज नजर पडावी म्हणून. आणि ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसात केक न्यायचा, शाळेत मुलांना खाऊ वाटायचा. हे तरी अगदी आपल्यासारखं.

आता अशा देशात राजाचा वाढदिवस आला तर काय होईल, सांगा! सगळ्या देशाचाच वाढदिवस होणार ना.

कोनिंग्सडाख. राजदिन. २७ एप्रिल. खडूच्या चौकोनांचा शनिवार तो हाच. याचा इतिहास मी चौकोन दिसले त्याच दिवशी दुपारपर्यंत वाचत बसले, भाजी करपेपर्यंत. सुरुवात ३१ ऑगस्ट १८८५ ला, राजकन्या विल्हेल्मिनाच्या पाचव्या वाढदिवसाला. १८९० मध्ये दहा वर्षांची पोर राणी झाली आणि राजकन्यादिनाचा राणीदिन झाला. १९४८ मध्ये तिची मुलगी युलियाना गादीवर आली, तसा सण तिच्या वाढदिवसाला सरकला, ३० एप्रिलला. मग १९८० मध्ये तिची मुलगी बेआट्रिक्स. हिचा वाढदिवस ३१ जानेवारी! जानेवारीत इथे रस्त्यावर सण करायचा म्हणजे नाकाचा बर्फ. तर या बाईंनी काय केलं, आपला वाढदिवस घरी ठेवला आणि लोकांचा सण आईच्याच तारखेला राहू दिला. तेहतीस वर्षं देश राणीचा वाढदिवस तिच्या आईच्या वाढदिवसाला करत होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. २०१३ मध्ये मुलगा विलेम-अलेक्झांडर राजा झाला, त्याची तारीख २७ एप्रिल. पण २०१४ च्या पहिल्याच राजदिनाला २७ ला रविवार आला, म्हणून सण २६ ला. आम्ही शिवजयंती तारखेने की तिथीने यावर पिढ्यान् पिढ्या भांडणारी माणसं. हे वाचून मला हेवा वाटला. आणि त्या पहिल्या राजदिनाला राजा-राणी कुठे आले होते? डे रैप नावाच्या गावी आणि आमच्या आमस्टेलव्हेनला! 'आमच्या' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात आला, तोही एकटीच्या.

संध्याकाळी मी जाहीर केलं, आपण बसायचं. नवरा म्हणाला, बसायचं म्हणजे? म्हटलं पथारी टाकून. लेक आधीच नाचत होती, कारण शाळेत सणाच्या आधी राजाचे खेळ असतात, सगळ्या मुलांनी मिळून नाश्ता, मग एका नव्या गाण्यावर नाच, तो तिला पाठ झाला होता. तिने खडू घेतला, आम्ही चौकात गेलो, कोपऱ्यात एक चौकोन उरला होता तो धरला. बेझेत. खाली तिने मराठीतही लिहिलं: 'ही जागा आमची आहे.' या फरशीवर उमटलेली पहिली मराठी पाटी, नवऱ्याचा पुणेरी ऊर भरून आला.

एप्रिल स्वतःला हवं तसं वागतो अशी इथली म्हण आहे. आदल्या आठवड्यात गारा पडल्या होत्या. शनिवारी सकाळी पडदा उघडला तर कोवळं ऊन! खिडकीखाली लाल-पांढरा-निळा झेंडा आणि त्याच्यावर केशरी लांबोडकी पताका. माणसं तर विचारूच नका. केशरी टोप्या, केशरी पिसांच्या माळा, केशरी कुत्रे! हा रंग आला राजघराण्याच्या नावातून. ओरान्ये, म्हणजे ऑरेंज, हे दक्षिण फ्रान्समधलं एक छोटं संस्थान; १५४४ मध्ये ते नासाउ घराण्यातल्या विलेमला वारशाने मिळालं, पुढे त्यानेच स्पेनविरुद्धच्या बंडाचं पुढारपण केलं. संस्थान केव्हाच फ्रान्सकडे गेलं, नाव आणि रंग इथे राहिला. आमच्या कपाटात केशरी काय होतं? मावसभावाच्या लग्नातला फेटा. नवऱ्याने तो बांधला, आणि चौकात पोचेपर्यंत तिघांनी त्याला थांबवून विचारलं, हा कुठे मिळतो, कितीला?

आमच्या चादरीवर मांडामांड अशी होती: लेकीचे आखूड झालेले कपडे, तीन कोडी, एक हेडफोन, दोन स्टीलच्या वाट्या, लग्नात आलेली आणि सात घरं फिरलेली भिंतीवरची घड्याळं दोन, आणि एक पितळी सोऱ्या. सोऱ्या आईने बॅगेत कोंबला होता, विमानतळावर वजनाला तोच जड झाला होता, आणि आल्यापासून मी एकदाही चकली केली नव्हती. ठेवला चादरीवर. किती सांगायचे ते ठरलं नव्हतं.

आणि आता मुख्य गोष्ट. आम्ही खाली बसलो.

तुम्ही म्हणाल त्यात काय? पण आठ महिन्यांत मी या देशात कुठे जमिनीवर बसलेच नव्हते हो! इथली माणसं जगातल्या सगळ्यात उंच माणसांत मोजली जातात. दुकानात, ट्रॅममध्ये, शाळेच्या फाटकाशी मी सतत मान वर करून बोलत आलेय. त्या सकाळी पहिला माणूस आला, सहा फुटांच्या पुष्कळ वर, आणि कोडं बघायला तो उकिडवा बसला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर! मग त्याची बायको बसली. मग एक आजोबा गुडघे कुरकुरवत वाकले. घड्याळ हातात घेऊन विचारायला लागले, हे कुठलं, हे कोणी दिलं, का विकताय. खरं सांगितलं, लग्नात अकरा घड्याळं आली होती. ते इतके हसले की पुढच्या माणसाला त्यांनीच ती गोष्ट सांगितली, आणि त्या माणसाने दुसरं घड्याळ घेतलं. मी त्यांच्याशी मोडक्या डचमध्ये बोलत होते. एरवी माझं मोडकं डच ऐकलं की माणसं चटकन इंग्रजीवर येतात, आणि मी गप्प होते. इथे कुणी आलं नाही. पथारीवाल्या बाईची भाषा मोडकीच असते, तिला कोण सुधारतो?

भाव करण्याचं तर काय सांगू. मी गणपती पेठेत आईचं बोट धरून वाढलेली. समोरच्या चौकोनात सात-आठ वर्षांचा एक मुलगा बेडूक, गाड्या, डायनासोर मांडून बसला होता. डायनासोर केवढ्याला? पन्नास सेंट. माझ्या तोंडून, देवाशपथ आपोआप, निघालं, "पंचवीस." तो माझ्याकडे बघत राहिला. "नी." म्हणजे नाही. मग समजावणीच्या सुरात, "याचे सगळे पाय शाबूत आहेत." मी पन्नास सेंट मोजले आणि कान धरले. त्याने वर एक बेडूक फुकट दिला. धंदा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

पलीकडे पुठ्ठ्यावर खेळ. दोरीला मसालेदार केकचे तुकडे टांगलेले, हात मागे बांधून तोंडाने पकडायचे, हे ठीक. पण दुसऱ्या खेळात कमरेच्या मागे दोरीने खिळा लोंबत ठेवायचा आणि उकिडवं होत होत तो खालच्या बाटलीत घालायचा. त्याच्या डच नावाचं मराठी मी इथे लिहीत नाही. खिळ्याची आणि सकाळच्या विधीची सांगड आहे एवढंच सांगते. बँकेतले वाटावेत असे सूटबूटवाले गृहस्थ (कोट केशरी!) सगळ्यांदेखत तो खेळत होते. आपला लिंबू-चमचा किती सोवळा खेळ आहे, हे त्या दिवशी कळलं.

दुपार होता होता वरच्या आजी आल्या. केशरी विणलेली टोपी. टीव्हीवर राजाला बघून आल्या होत्या. राजा दर वर्षी वेगळ्या गावी जातो, त्या वर्षी एमेनला होता. मी अभ्यास करून ठेवलेलं वाक्य फेकलं, "राजाच्या वाढदिवसाबद्दल तुमचं अभिनंदन!" त्या थबकल्या, मग असं हसल्या की टोपी सरकली. म्हणाल्या, "राजा ठीक आहे. पण सण आपला." मग त्यांनी सोऱ्या उचलला. दांडा फिरवला. चकत्या एकेक करून उन्हात धरल्या. चांदणीची चकती हातात आली तशा म्हणाल्या, "स्प्रित्स!" स्प्रित्स म्हणजे लोण्याचं रेघारेघांचं बिस्किट, उट्रेख्टकडचं, पिठाची चांदणीतून धार काढून करतात. त्यांच्या आईकडे असलंच काहीतरी होतं म्हणे.

केवढ्याला? मी पाच म्हटलं. त्या दोन म्हणाल्या. मी तुळशीबागेतल्या दुकानदारासारखा चेहरा केला, पितळ आहे हो, बघा वजन. त्यांनी सोऱ्या अलगद खाली ठेवला आणि निघाल्या! चार पावलं, मागे न बघता! अहो, ही तर आमची चाल, ही यांना कोणी शिकवली? मी हाक मारली. तीन. त्या लगेच वळल्या, जणू हाकेचीच वाट बघत होत्या. पैसे दिले, सोऱ्या छातीशी धरला, आणि बेकरीतून आणलेला खोका उघडला. टॉमपूस. खुसखुशीत पापुद्र्यांच्या दोन थरांत बोटभर पिवळी मलई, वर साखरेचा मुलामा. एरवी गुलाबी, या दिवसांत केशरी. पहिला घास घेतला तर मलई चारी बाजूंनी पसार, लेकीच्या कोपरापर्यंत. आजींनी युक्ती दाखवली: वरचा थर उचलायचा, खाली लावायचा, मग चावायचं. त्या आमच्या चादरीवर बसल्या होत्या. वय शहाऐंशी.

त्यांच्यामागून आल्या एक बाई, माझ्या रंगाच्या, माझ्या वयाच्या, फेटा बघून थांबलेल्या. डचमध्ये विचारलं, भारतातून? मग त्या वेगळंच काही बोलल्या, भोजपुरीसारखं कानाला लागणारं. सरनामी! त्या सुरिनामच्या हिंदुस्तानी. १८७३ मध्ये लल्ला रूख नावाच्या जहाजातून पहिली करारी मजूर माणसं कलकत्त्याहून सुरिनामला नेली, डचांच्या मळ्यांवर. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमाराला हजारो कुटुंबं इथे आली, यांचे आईवडीलही. जन्म इथलाच. डब्यातून त्यांनी 'बारा' काढून दिला, उडदाचा मसालेदार वडा. म्हणाल्या, आजीच्या हातचा. मी चमकले. आजीच्या? हो, वडिलांची आई, आजी. आणि वडिलांचे वडील, आजा. दीडशे वर्षं, दोन समुद्र, तीन भाषा, आणि शब्द जसाच्या तसा माझ्या सांगलीतला! आम्ही दोघी एकमेकींकडे बघून 'आजी', 'आजा' म्हणत राहिलो. वरच्या डच आजी टॉमपूस खाता खाता विचारत होत्या, काय झालं, काय झालं? आम्ही त्यांच्याकडे बोट दाखवलं, आजी!

दुपारी पथारी गुंडाळून सायकली काढल्या. सणाच्या दिवशी शहराच्या मधल्या भागात ट्रॅम येत नाहीत, माणसांना वाट हवी ना. आमस्टेलव्हेनसेवेखने सरळ, अर्ध्या तासात व्होंडेलपार्क. तिथे फक्त पोरांचा बाजार. मोठ्यांनी विकायचं नाही, घ्यायचं! एक जण व्हायोलिन वाजवतोय, दोनच सूर, पुन्हा पुन्हा, पुढ्यातली टोपी नाण्यांनी जड. एकाने बापाला खुर्चीत बसवलंय, ओला स्पंज मारायचे पन्नास सेंट. बाप निथळतोय, आणि रांग! एका चिमुरडीच्या पाटीवर लिहिलेलं, 'तुमच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगेन, वीस सेंट.' नवऱ्याने वीस सेंट दिले. तिने नीट विचार केला आणि म्हणाली, "तुम्ही डोक्यावर खूप कापड सांभाळू शकता."

घरी परतलो तेव्हा चौकात न विकलेल्या वस्तूंचे ढीग, हवं त्याने न्यावं, आणि मागून नगरपालिकेच्या झाडूच्या गाड्या. आमच्या चादरीवरून आठ वस्तू गेल्या होत्या, घरी अकरा आल्या. आईला व्हिडिओवर सांगितलं, सोऱ्या विकला. ती क्षणभर गप्प. "किती आले?" म्हटलं अडीचशेच्या वर. "मग बरं. बोहारणीने एवढं दिलं नसतं."

दोन आठवड्यांनी आमच्या पत्रांच्या पेटीत चिठ्ठी: रविवारी साडेदहाला कॉफीला जमेल का? वरून. आम्ही गेलो. कॉफी आली, पत्र्याचा डबा आला, आत स्प्रित्स, चांदणीच्या रेघा अशा लख्ख की आईने पाहिलं असतं तर पीठ किती घट्ट होतं ते सांगितलं असतं. मी त्यांना माझा शोध सांगितला, बेझेत, संडास, एसटी, रुमाल. रुमालाला त्या खूप हसल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, या शब्दाचा त्यांच्या लहानपणी आणखी एक अर्थ होता. १९४० च्या मेपासून १९४५ च्या मेपर्यंत जर्मन फौजा इथे होत्या. त्या पाच वर्षांना 'बेझेतिंग' म्हणतात. देश दुसऱ्याने धरलेला. म्हणूनच राजदिनानंतर आठवड्याने, ४ मेच्या रात्री आठ वाजता सगळं दोन मिनिटं थांबलं होतं; तेव्हा आम्हीही खिडकीशी उभे होतो, पुरतं न कळता. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. लेकीपुढे डबा सरकवला. तिने एक घेतलं, मग माझ्याकडे बघून दुसरं घेतलं. झाकण टेबलावर पडून होतं. कुणी लावलं नाही.

निघताना मी धीर करून विचारलं, दिवाळीत सोऱ्या दोन दिवस उसना मिळेल का, चकल्या करायच्यात. त्या म्हणाल्या, उसना कशाला, इथेच करू, मला शिकायच्यात. आणि उठून डायरी आणली. मे महिन्यात बसून ऑक्टोबरचं पान काढलं, पेन्सिल ओली केली.

"शनिवार, २६ तारीख. दोन ते चार?"

नवरा माझ्या कानाशी आला. "एक ते चार नको," म्हणाला, "झोपेची वेळ."